कोणत्याच गटात न मावलेली पंडिता

आमच्या महाविद्यालयातील इतिहासाच्या विद्यार्थ्यांना घेऊन मी एकदा केडगावला गेले होते. बारामतीहून सुप्यामार्गे चौफुल्याला यायचे, तेथून केडगाव अगदी जवळ. पंडिता रमाबाईंनी उभारलेले मुक्ती मिशन पाहून आम्ही परत निघालो, तेव्हा एका विद्यार्थ्याने मला विचारले की रमाबाई नेमक्या कोणत्या बाजूच्या होत्या. त्या टिळकांच्या बाजूच्या की रानड्यांच्या, सरकारच्या की काँग्रेसच्या, एवढे कळले म्हणजे उत्तर लिहायला सोपे जाईल असे त्याचे म्हणणे होते. आमच्या भागात माणसाची ओळख करून देताना त्याचे गाव, भावकी आणि गट एका दमात सांगतात, त्यामुळे त्या मुलाला मी दोष देत नाही. मात्र त्याला पटेल असे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. निवृत्तीनंतर वार्षिकांकासाठी लेख मागितला गेला तेव्हा तोच प्रश्न पुन्हा आठवला. हा लेख म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

रमाबाई आपल्याला परक्या वाटतात, कारण पुस्तकांतून त्या कलकत्ता, इंग्लंड आणि अमेरिका येथे भेटतात. परंतु आयुष्याची अखेरची पंचवीस वर्षे त्यांनी ज्या मातीत घालवली ती आपलीच माती आहे. त्या काळी केडगाव आणि बारामती हे दोन्ही भाग एकाच भीमथडी तालुक्यात मोडत असत. याच तालुक्यातल्या सुप्याला १२ मे १८७५ रोजी कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली व दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटले. शेजारच्या इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास इंग्रज सरकारने जमीनमोजणीची आणि साराआकारणीची नवी पद्धत बसवली, तीही तेथली कुळे जुन्या साऱ्याखाली मोडून पडली होती म्हणूनच. पुढे नीरेचा डावा कालवा आला आणि आमच्या मुलखाचे दोन भाग झाले. कालव्याखाली बागायत पिकू लागली आणि कालव्याच्या वर जिरायत तशीच कोरडी राहिली. ज्यांच्या शेताला पाणी मिळाले त्यांना दुष्काळ पुस्तकात वाचावा लागतो. ज्यांना मिळाले नाही त्यांना तो वाचावा लागत नाही.

मी दुसऱ्या प्रकारच्या घरातली. १९७२ च्या दुष्काळात मी इंदापूर तालुक्यातल्या एका जिरायत गावात दुसरीत शिकत होते. शाळेत सुकडी मिळायची आणि घरी तांबड्या मिलोची भाकरी असायची. आई खडी फोडायला जाई. मध्यंतरी पंधरा दिवस तिचे नाव मस्टरवरून गळले. आमचे घर गावातल्या दुसऱ्या गटाचे होते, एवढेच त्याचे कारण. त्या पंधरवड्यात आमच्या घरी चूल कशी पेटली ते मी शेवटी सांगेन. येथे एवढेच नोंदवते की भाकरीलाही बाजू असू शकते हे मला वयाच्या आठव्या वर्षी कळले, आणि रमाबाईंचे चरित्र मी पुढे वाचले ते हेच मनात ठेवून वाचले.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न पंडित होते. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले हा त्यांचा गुन्हा ठरला आणि शास्त्र्यांच्या सभेपुढे त्यांना त्याचे समर्थन करावे लागले. पुढे घरदार संपले आणि हे कुटुंब तीर्थक्षेत्रे हिंडत पुराणे सांगून पोट भरू लागले. मोरोपंतांच्या बारामतीला पुराणिकाचे जिणे वेगळे सांगायला नको. देवळाच्या ओट्यावर बसून ग्रंथ वाचायचा आणि श्रोते जे ठेवतील त्यावर दिवस काढायचा. लहानगी रमा आईजवळ बसून हजारो श्लोक तोंडपाठ करीत होती.

पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. ऐकणारेच उपाशी असताना पुराणिकाला कोण देणार? मजुरीची सवय या कुटुंबाला नव्हती आणि भीक मागण्याची लाज वाटत होती. जवळचे होते नव्हते ते विकून झाले, देवापुढे उपासतापास झाले, अखेर रानातली पाने खाण्याची वेळ आली. आधी वडील गेले, मागोमाग आई गेली आणि नंतर थोरली बहीण कृष्णाबाईही. मरणापूर्वी वडिलांनी या धाकट्या लेकीला जवळ घेऊन देवाची सेवा करीत सन्मार्गाने राहायला सांगितले, ही आठवण रमाबाईंनी जन्मभर जपली. त्यांनी पुढे जे जे केले त्याच्या मुळाशी हा दुष्काळ आहे असे मला वाटते. भूक म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगावे लागले नव्हते.

रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृत बोलते हे पाहून तेथील विद्वान थक्क झाले आणि त्यांनी तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. मेधावी ब्राह्मण नव्हते, त्यामुळे दोन्हीकडच्या जातींनी तोंड फिरवले. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने मेधावी गेले. चोविसाव्या वर्षापूर्वीच आई, वडील, बहीण, भाऊ आणि नवरा यांना मूठमाती देऊन ही विधवा तान्ह्या मुलीसह उभी राहिली.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. पुण्याच्या सुधारकांनी त्यांचे मोठ्या उत्साहाने स्वागत केले. १८८२ च्या जूनमध्ये त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि स्त्रीधर्मनीति हे पुस्तक प्रसिद्ध केले. हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी मुलींसाठी स्त्री शिक्षिका आणि बायकांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात असे आग्रहाने सांगितले. सुधारकांच्या दृष्टीने ही त्यांच्या पक्षाची फार मोठी प्राप्ती होती. ब्राह्मणाची विधवा, शास्त्र जाणणारी, आणि शास्त्राच्या आधारेच स्त्रीची बाजू मांडणारी. असे माणूस मागूनही मिळाले नसते.

पुस्तकाच्या पैशांतून त्या १८८३ साली वैद्यकी शिकण्याच्या इराद्याने इंग्लंडला गेल्या. कानाला कमी ऐकू येत असल्यामुळे तो बेत सोडावा लागला. वाँटेज येथील भगिनींच्या मठात त्या राहिल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला मुलीसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या स्त्रियांना समाजाने पतित म्हणून टाकले त्यांना त्या भगिनी माणूस म्हणून सांभाळत होत्या, या दृश्याचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला होता. शास्त्रे वाचूनही त्यांना स्त्रीला आणि शूद्राला मोक्षाचे समान दार सापडले नव्हते. ते ख्रिस्ताजवळ सापडले, अशी त्यांची श्रद्धा झाली.

पुण्यात ही बातमी आली तेव्हा काल डोक्यावर घेणारे आज पायाखाली तुडवायला निघाले. जोतीराव फुले मात्र या गदारोळात रमाबाईंच्या बाजूने उभे राहिले आणि १८८५ साली सत्सारमधून त्यांनी टीकाकारांचा समाचार घेतला. फुल्यांनी स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारला नव्हता. परंतु शिकलेल्या स्त्रीने स्वतःच्या बुद्धीने धर्म निवडला तर तिला तो अधिकार आहे, हे त्यांना कबूल होते.

आता त्या ख्रिस्ती झाल्या म्हणजे मिशनऱ्यांच्या पक्षाला मिळाल्या, असे कोणी समजेल. तसेही झाले नाही. बाप्तिस्म्यानंतर त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकत आणि शिकवत होत्या. तेथे त्यांनी मुलग्यांच्या वर्गास शिकवू नये असे बिशपांनी सुचवताच त्या संतापल्या. त्रैक्याचा सिद्धान्त, चमत्कार, चर्चचा अधिकार यांवर त्यांनी आपल्या गुरुस्थानी असलेल्या भगिनी जेराल्डीन यांच्याशी पत्रापत्री वाद घातला. क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असाही त्यांचा प्रश्न होता. मांसाहार त्यांनी शेवटपर्यंत केला नाही. ब्राह्मणांच्या जोखडातून सुटून आलेली ही बाई पाद्र्यांचे जोखड मानेवर घ्यायला तयार नव्हती. तिने ख्रिस्त स्वीकारला होता, साहेब स्वीकारला नव्हता.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली. त्यातून १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. उच्चवर्णीय विधवांसाठी निघणाऱ्या शाळेला या संस्थेने दहा वर्षे पैसा देण्याचे ठरवले आणि शाळेत धर्मशिक्षण दिले जाणार नाही, अशी अट घातली. रमाबाईंनी ती मान्य केली.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पहिल्याच विद्यार्थिनींत गोदूबाई ही बालविधवा होती. पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी तिच्याशी विवाह केला, त्याच या आनंदीबाई कर्वे. १८८९ च्याच डिसेंबरमध्ये मुंबईला काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्यात प्रथमच काही स्त्रिया प्रतिनिधी म्हणून बसल्या आणि त्यांत रमाबाई होत्या. सामाजिक परिषदेतही विधवांच्या केशवपनाविरुद्ध त्या बोलल्या. म्हणजे राष्ट्रीय राजकारणाशी त्यांचे वाकडे नव्हते. ख्रिस्ती झालेली व्यक्ती देशाला पारखी होते, हा समज त्यांनी कृतीने खोडून काढला होता.

१८९० च्या नोव्हेंबरात सदन पुण्याला हलवले आणि ते पुण्याच्या पक्षभेदाच्या ऐन भोवऱ्यात सापडले. त्या वेळचे पुणे कसे होते याची कल्पना यावी म्हणून एकच गोष्ट सांगते. त्याच्या आदल्याच महिन्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी चहा घेतला. त्यांत रानडे होते आणि टिळकही होते. या चहाचा बोभाटा झाला आणि प्रायश्चित्ताचे प्रकरण पुढे कित्येक दिवस गाजत राहिले. चहाच्या कपाने जेथे पक्ष पडत तेथे ख्रिस्ती बाईच्या हाताखाली ब्राह्मणांच्या विधवा मुली शिकत होत्या. त्यात १८९१ साली संमतिवयाच्या कायद्याचा वाद पेटला. टिळकांच्या केसरीने शारदा सदनावर धर्मांतराचा कारखाना म्हणून टीकेची झोड उठवली. सुधारकांना सदन आपल्या बाजूचा पुरावा म्हणून हवे होते, विरोधकांना ते सुधारकांविरुद्धचा पुरावा म्हणून हवे होते. आत शिकणाऱ्या मुलींना काय हवे आहे हे मात्र फार थोड्यांनी विचारले.

वादाचे मूळ एका दारात होते. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. सदनातल्या काही मुली आपण होऊन आत येऊन बसू लागल्या. सल्लागार मंडळाचे म्हणणे असे की दार बंद करावे आणि मुलींना मज्जाव करावा. रमाबाईंचे म्हणणे असे की मी कोणाला बोलावत नाही, तशी कोणाला हाकलणारही नाही. हिंदू मुलींना आपले नेमधर्म पाळायची मोकळीक आहे, तशी मला माझ्या घरात प्रार्थना करण्याची असली पाहिजे. या वादाच्या दोन्ही बाजू विचारात घ्याव्यात असे मला वाटते. मुली कोवळ्या वयाच्या होत्या, निराधार होत्या आणि जिच्यावर त्यांचे सारे अवलंबून होते तिच्याच खोलीत त्या प्रार्थनेला बसत होत्या. अशा वेळी आपण होऊन या शब्दाला किती अर्थ उरतो, हा पालकांचा प्रश्न खोटा नव्हता. १८९३ च्या ऑगस्टमध्ये रानडे, भांडारकर आदींनी सदनाशी असलेला संबंध सोडला आणि पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. रमाबाईंनी दार बंद केले नाही. सुधारकांचा पक्ष त्यांच्या हातून गेला तो असा.

त्यानंतर त्यांनी केडगावला रेल्वेजवळ शंभर एकरांच्या आसपास जमीन घेतली. फळबाग लावावी आणि अमेरिकेची मदत संपल्यावर संस्थेला उत्पन्न असावे, हा हेतू. परंतु विधीने त्या जमिनीची योजना वेगळीच केली होती. १८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या वाचून रमाबाईंना वीस वर्षांपूर्वीची आपली पायपीट आठवली आणि त्या निघाल्या. दुष्काळी कामांवर आणि सरकारी अनाथगृहांतून त्यांनी जे पाहिले ते भयंकर होते. हाडांचे सापळे झालेली माणसे होती, आणि पोरक्या मुलींना दोन घासांचे आमिष दाखवून पळवणारे दलालही होते. रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली आणि स्त्रिया आणल्या. आता जातीची अट राहिली नाही. शारदा सदन उच्चवर्णीय विधवांसाठी होते, दुष्काळाने जातीचा हिशेब पुसून टाकला.

या मुली पुण्यात ठेवता येईनात, कारण पुण्यात प्लेग आला होता आणि गर्दीस मनाई होती. म्हणून त्या केडगावच्या उघड्या माळावर छपरे घालून राहिल्या. मुक्ती सदन जन्माला आले ते असे निकडीतून.

त्याच १८९७ साली आणखी एक प्रसंग घडला आणि तो मला त्यांच्या आयुष्यातला सर्वांत बोलका वाटतो. प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली पुण्यात घरोघर झडत्या चालल्या होत्या. १० मार्चला रुग्णसेवा करताना प्लेग होऊन सावित्रीबाई फुले गेल्या. मे महिन्यात रमाबाईंनी बॉम्बे गार्डियन या पत्रातून प्लेगच्या इस्पितळांत आणि छावण्यांत स्त्रियांची कशी विटंबना होते ते उघडपणे लिहिले. त्यांच्या सदनातली एक मुलगी अशीच इस्पितळात नेली गेली आणि परत आली नाही. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी हे आरोप खोटे ठरवले. परंतु रमाबाईंनी शब्द मागे घेतला नाही. त्याच वर्षी इंग्लंडात प्लेगच्या अत्याचारांविषयी बोललेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांना पुराव्याअभावी माफी मागावी लागली. रँडचा खून झाला, आणि केसरीतील लेखनाबद्दल टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात जावे लागले.

थोडे थांबून या चित्राकडे पाहावे. ज्या बाईला परधर्मीयांची हस्तक म्हणून हिणवले गेले तिनेच इंग्रज गव्हर्नराला जाहीर जाब विचारला. ज्या केसरीने तिच्या सदनावर तोफा डागल्या तो केसरी आणि ती या एका प्रश्नावर एकाच बाजूला उभे होते. ती टिळकांच्या पक्षात गेली असा याचा अर्थ नाही. एक पोरकी मुलगी हरवली होती आणि तिची विचारपूस करणारे दुसरे कोणी नव्हते. रमाबाईंच्या राजकारणाचे सूत्र एवढेच होते. सत्ता कोणाची आहे यापेक्षा त्या सत्तेखाली हरवलेल्या मुलीचे काय झाले, हे त्या विचारीत.

१८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरातमधून आणखी शेकडो मुली आल्या आणि मुक्तीची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या माणसांना केडगावच्या जिरायत माळावर पाणी आणि धान्य पुरवणे म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या माणसाला सांगावे लागणार नाही. विहिरी खणल्या, शेती केली, भाजीपाला लावला. मुली विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, दूधदुभते, छापखाना अशी कामे शिकल्या. अंध स्त्रियांसाठी वेगळे सदन निघाले आणि मनोरमेने ब्रेल लिपी शिकून त्यांना वाचायला शिकवले. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. म्हाताऱ्या आल्या, अपंग आल्या. दान घेणाऱ्या बायकांना रमाबाईंनी हाताला काम दिले, कारण काम न येणाऱ्या घराची दुष्काळात काय गत होते ते त्यांनी स्वतःच्या आईबापांत पाहिले होते.

बॉस्टनशी झालेला दहा वर्षांचा करार १८९८ साली संपला आणि धर्मशिक्षणावरचे बंधनही संपले. मुक्ती ही उघडउघड ख्रिस्ती संस्था झाली. १९०५ साली तेथे प्रार्थनेची मोठी लाट आली आणि केडगावचे नाव जगभरच्या ख्रिस्ती मंडळींत पोहोचले. येथे तो जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो आणि तो टाळणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. दुष्काळात वाचवलेली पोरकी मुले ख्रिस्ती म्हणून वाढली. त्यांना कोणी विचारले होते का? भाकरीबरोबर धर्म आला तर ती भाकरी निर्मळ राहते का? रमाबाईंना यात विसंगती दिसत नव्हती. ज्या श्रद्धेने आपल्याला तारले तीच द्यावी, असे त्यांना मनापासून वाटे. मला मात्र वाटते की उपाशी माणसाला निवड करण्याचे स्वातंत्र्य नसते, म्हणून देणाऱ्याने अधिक सांभाळून द्यावे.

पण असे म्हणण्याचा अधिकार कोणाला, हेही पाहिले पाहिजे. मध्य प्रांतात त्या मुली रस्त्यावर मरत होत्या तेव्हा त्यांचा धर्म वाचवायला तेथे किती जण गेले? या बाबतीत मला अण्णासाहेब कर्व्यांचे मोल फार वाटते. शारदा सदनातल्या विधवेशी विवाह करणाऱ्या या माणसाने १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुढे हिंगण्याच्या माळावर झोपडी बांधून तो वाढवला. हिंदू विधवांना हिंदू राहूनच शिकता येईल, असे त्यांनी करून दाखवले. रमाबाईंच्या कार्याला अग्रलेखांनी जे उत्तर देता आले नाही ते हिंगण्याच्या त्या झोपडीने दिले.

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी बायबलच्या भाषांतराचे काम हाती घेतले. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. आधीची भाषांतरे संस्कृतप्रचुर असून खेड्यातल्या बाईला कळत नाहीत, असे त्यांचे मत होते. काय हा योग! जिच्या संस्कृताने कलकत्त्याचे पंडित दिपले, ती म्हातारपणी मजूर बायकांना कळेल अशी मराठी शोधत बसली होती. जुळणी आणि छपाई मुक्तीतल्या स्त्रियांनीच केली. १९१९ साली सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. सँडहर्स्टच्या वेळची कटुता सरकार विसरले असावे. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाईंनी देह ठेवला. संपूर्ण बायबल त्यांच्या मागे, १९२४ साली, छापून पुरे झाले. भारत सरकारने १९८९ साली त्यांचे टपाल तिकीट काढले. मुक्ती मिशनचे काम त्यांच्या पश्चात चालू राहिले आहे.

त्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाला आता मी असे उत्तर देईन. रमाबाईंना सुधारकांनी आपले म्हटले, आणि त्यांनी दार बंद केले नाही म्हणून सोडले. चर्चने आपले म्हटले, आणि त्यांनी बिशपांपुढे मान लववली नाही. सनातन्यांनी त्यांना सरकारच्या पदरी बसवले, आणि त्यांनी गव्हर्नराविरुद्ध लिहिले. त्यांना बाजू नव्हती असे मात्र नाही. श्रद्धेच्या बाबतीत त्या पक्क्या ख्रिस्ती होत्या आणि ते त्यांनी कधी लपवले नाही. परंतु कोणाला वाचवायचे हे ठरवताना त्यांनी आपली बाजू मधे येऊ दिली नाही. केडगावच्या छपराखाली येणाऱ्या मुलीला जात विचारली गेली नाही, गाव विचारले गेले नाही, तिचा बाप कोणाचा होता हे विचारले गेले नाही.

आता माझी राहिलेली गोष्ट. १९७२ च्या त्या पंधरवड्यात शेजारच्या एका मावशींनी आईला आपल्या खडीच्या ढिगावर बसवून घेतले. मावशींचे घर समोरच्या गटातले, आणि मुकादमही त्याच गटाचा. दोघी मिळून दगड फोडीत, माप मावशींच्या नावावर लागे आणि मजुरी निम्मी निम्मी होई. मुकादमाला हे दिसत होते. त्याने एकदा हटकले तेव्हा मावशी मान वर न करता हातोडा चालवीत राहिल्या. पंधरा दिवसांनी आईचे नाव मस्टरवर परत आले. त्यानंतरच्या निवडणुकीत दोन्ही घरांनी आपापल्या गटालाच मते दिली आणि त्याबद्दल दोघींचे कधी बिनसले नाही.

मावशींना लिहिता वाचता येत नव्हते. रमाबाईंचे नाव त्यांनी ऐकले असण्याचा संभव नाही. त्या दरवर्षी आषाढीला पंढरीला जात. पण केडगावचा तो माळ पाहताना मला दर वेळी त्याच आठवतात.